तेल अजून तपासणीत आहे

कुठलीही पातळ वस्तू उजेडात धरून पाहिल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे व्रत आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांइतकं निष्ठेनं पाळणारा माणूस चंदीगडातच काय, अख्ख्या हिंदुस्थानात सापडायचा नाही. बत्तीस सेक्टरच्या हॉस्पिटलात, रक्त-लघवीच्या लॅबमध्ये त्यांची उभी हयात गेली. निवृत्तीनंतर नोकरी सुटली, पण सवय सुटली नाही. सकाळचं दूध काचेच्या पेल्यात ओतून खिडकीशी न्यायचं, काकूंनी वरण वाढलं की वाटी तिरकी करून तळाशी काय बसलंय ते बघायचं. गुलाबजामचा पाक तर ते चमच्यावरून असे काही ओघळवत, की समोरच्या पाहुण्याची खाण्यावरची वासनाच उडावी. मी एकोणचाळीस सेक्टरच्या संस्थेत संशोधनासाठी आलो आणि विमानतळाजवळच्या एअरोसिटी वसाहतीत त्यांच्या वरची खोली भाड्यानं घेतली, त्या दिवशी "ये, बस" म्हणायच्या आधी त्यांनी माझ्या हातातली पाण्याची बाटली मागून घेतली आणि ट्यूबलाइटखाली धरली. "कुठचं आहे हे?" "अंबाला स्टेशनचं." "वाटलंच," म्हणत त्यांनी ते कुंडीत ओतलं आणि काकूंना माझ्यासाठी पोहे टाकायला सांगितलं. तेव्हापासून मी त्या घरचाच झालो. रविवारचं जेवण खाली, आजारपण खाली, आणि घरची आठवण येऊन डोळे भरले तर तेही खालीच.

या काकांचा एक ट्रक होता. छोटाच, डिझेलवरचा, धंदा सोडलेल्या एका भाजीवाल्याकडून घेतलेला. ट्रक घ्यायचं कारण म्हणजे लिंबाचं लोणचं. सरकारी क्वार्टर सोडून एअरोसिटीत येताना सामानवाल्यांनी काकूंची मुरलेल्या लोणच्याची बरणी फोडली होती. फुटलेल्या बरणीपुढे उभं राहून काकांनी प्रतिज्ञा केली, की यापुढचं, म्हणजे अमरावतीला कायमचं जायचं सामान स्वतःच्याच ट्रकमधून जाईल. अमरावतीला त्यांचा फ्लॅट कुलूप लावून तयार होता. त्याच इमारतीत काकूंची थोरली बहीण एकटी राहायची, गुडघ्यांनी अधू झालेली. काकूंचा जीव सगळा तिकडे लागलेला. ट्रकचं तेलपाणी झालं की निघायचं, असं ठरलंही होतं. घोडं अडलं ते तिथंच, आणि वर्षानुवर्षं अडूनच राहिलं.

कारण काका तेल बदलत नसत, तपासत. घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर ट्रक उभा असे आणि दर पंधरवड्याला काका त्याच्याखाली सतरंजी टाकून आडवे होत. एका जाड सिरिंजला रबरी नळी जोडून ते गिअरबॉक्समधून नमुना काढत. मग मागच्या चाकांच्या आसावरच्या हौसिंगमधून, मग ब्रेकच्या डबीतून, मग रेडिएटरमधून. प्रत्येक नमुना झाकणाच्या छोट्या बाटलीत, बाटलीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर पेशंटच्या नावाच्या जागी गाडीचा नंबर. गिअर ऑइलला सडक्या अंड्यांसारखा एक वास असतो. तो दिवसभर गल्लीत दरवळे आणि शेजारच्या सरदारणी खिडक्या लावून घेत. रविवारच्या जेवणात आम्हाला निकाल ऐकायला मिळे. "काकवीवानी काळं झालं, पण धार अजून तुटून नाही राहिली. महिनाभर पाहू." ट्रक अपनी मंडीच्या आठवडी बाजारातून भाजी आणण्यापलीकडे कुठं जात नव्हता, आणि तिसरा गिअर टाकताना असा करकरायचा की काका दुसऱ्यावरून थेट चौथ्यावर उडी मारत. कुणी म्हटलं, बदलून टाका ना सरळ, तर उत्तर ठरलेलं. "घाई कायची आहे बाप्पा? रिपोर्ट आल्याबिगर औषध देत असतात काय?"

एका रविवारी काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. पोळी तव्यावर तशीच राहिली होती. "ताई रोज फोनवर विचारते, निघाले काय म्हणून," त्या म्हणाल्या. "मी काय सांगू तिला? तेल अजून तपासणीत आहे म्हणून?" आणि पदरानं डोळे पुसले. काकूंना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मी तिथल्या तिथं फोन काढून गाड्या दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या मिस्त्रीला बोलावलं. नंबर लावला खरा, पण हा ट्रक नीट झाला की इथं मागं कोण उरणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मिस्त्री आले, ट्रकखाली शिरले आणि बराच वेळ आतच राहिले. बाहेर आले ते कपाळाला आठ्या घालून. "बाऊजी, गिअरबॉक्स विच तां तेल ही नहीं। लीक वी किते नहीं। फेर तेल गया कित्थे?" काका चष्मा पुसू लागले. काकू आत गेल्या आणि बाटल्यांनी भरलेलं प्लास्टिकचं क्रेट आणून त्यांनी मिस्त्रींपुढे ठेवलं. मग आणखी एक. मग तिसरं. मिस्त्रींनी एक बाटली उचलली, हुंगली, आणि पगडी सावरत ते एवढे हसले की प्लॉटवरच्या मैना उडाल्या. काका मात्र हसले नाहीत. हॉस्पिटलात असताना शिकाऊ डॉक्टरांना ते दरडावत, की तान्ह्या बाळाचं रक्त रोज रोज मागू नका, तपासण्यांनीच पोर पांढरं पडेल. हे त्यांनीच मला कितीदा सांगितलं होतं. आता क्रेटकडे पाहत ते हळूच म्हणाले, "मीच केलं की हे." मग मिस्त्रींकडे वळले. "सब बदल दो जी. सब."

दोन दिवस ते काम चाललं. इंजिनचं, गिअरबॉक्सचं, हौसिंगचं, ब्रेकचं, सगळं जुनं तेल उतरलं, रेडिएटर धुऊन निघाला. काका स्टूल टाकून समोर बसले होते, ऑपरेशन थिएटरबाहेर नातेवाईक बसतात तसे. शेवटी मिस्त्रींनी एक फेरी मारायला लावली. तिसरा गिअर अलगद पडला. काकांनी तो पुन्हा काढून पुन्हा टाकला, आणि मग म्हणाले, "आता तर काही कारणच उरलं नाही." ते ट्रकबद्दल बोलत नव्हते. ज्या शहरात सगळं आयुष्य गेलं, ते सोडायची या माणसाला भीती वाटत होती, आणि इतकी वर्षं ती भीती ते बाटल्यांमध्ये भरून ठेवत होते. मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली. काकूंनी त्याच संध्याकाळी स्वतःचं रेल्वेचं तिकीट काढलं, घर झाडून ठेवायला पुढे जाते म्हणून.

सामान भरून, एक ड्रायव्हर सोबत घेऊन काका निघाले. पहिला फोन अंबाल्याच्या पुढून. आवाजात चांगलीच उमेद होती. "हौसिंगमधून काहीतरी खडखड ऐकू येऊन राहिली. परतावं लागते की काय." पाच मिनिटांनी पुन्हा फोन आला. मागं बांधलेली बादली सुटून आपटत होती, एवढंच. आग्र्यापाशी ब्रेक थोडा खोल जातोय असं त्यांना वाटलं, ड्रायव्हरला वाटलं नाही. झाशीला कूलंट पाहून झालं, जागच्या जागी होतं. मग बराच वेळ काहीच नाही, आणि सागरच्या अलीकडून एक फोन. कुठल्याशा ढाब्यावरून बोलत होते. आधी माझ्या जेवणाचं विचारलं, मग दूध कोणाकडून घेतोस ते विचारलं.

"काहीच बिघडून नाही राहिलं रे," ते म्हणाले.

"बरं झालं की काका," मी म्हणालो. ते बरं झालं असं आम्हा दोघांनाही वाटलं नाही, पण फोन बराच वेळ कुणी ठेवला नाही.