जावयाच्या वाणाचे स्पीकर

आणीबाणी उठली त्या वर्षी श्रावण अधिक आला होता, आणि शिरूरच्या एका बागायतदाराच्या मुंबईकर जावयानं नेमके तेव्हाच स्पीकर मागितले. अधिकात जावयाला बोलावून जेवू घालतात, त्याला विष्णू समजून वाण देतात. कुणी चांदीचं निरांजन देतं, कुणी कपडे करतं. ह्या विष्णूला स्पीकर हवे होते. तेही विलायती, लाकडी पेटीचे, पुस्तकांच्या फळीवर मावतील असे. जावयाकडं पुस्तकं किती होती कोण जाणे. सासऱ्याच्या घरात एक पंचांग होतं, तेवढं मी पुढं डोळ्यांनी पाहिलं.

तसली जोडी आमच्याकडं होती. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, दोन खोल्यांत. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, इंजिनावर फायरमन होते. त्यांचा अँग्लो-इंडियन ड्रायव्हर बायकापोरांसकट ऑस्ट्रेलियाला निघून गेला, तेव्हा जाताना ही जोडी दादांना देऊन गेला. जुनीच होती, पण काय तिचा आवाज! दादांनी ती रेडिओला जोडून घेतली होती. ड्यूटीवरून आले की काळे हात घासून घासून धुवायचे, मग पेट्यांवरची धूळ पुसायचे, आणि मगच रेडिओ लावायचे. सतार लागली की आई पोळपाट थांबवायची. एवढीच आमच्या घरातली चैन.

ती विकायला काढली माझ्यासाठी. पुण्याच्या अध्यापिका विद्यालयात माझा नंबर लागला होता. फी माफ होती, पण राहणं-खाणं माफ नव्हतं. वसतिगृहाचे पैसे भरले नाहीत तर जागा दुसरीला जाणार, आणि मग मी दौंडातच भाकरी थापत बसणार, हे सरळ होतं. दादांनी रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या कानावर घातलं, आणि त्यानं हे गिऱ्हाईक धाडलं.

बागायतदार जीपमधून आला. सोसायटीत कसला तरी पदाधिकारी होता, ते चालण्यावरूनच कळत होतं. दारात उभा राहून म्हणाला, "तुमच्याकडंच हायत व्हय ते पीकर?"

"या की आप्पा, बसा," दादा म्हणाले.

"बसतो की. गाव कंचं तुमचं?"

दादांनी गाव सांगितलं. मग त्यानं आडनाव विचारलं, तेही सांगितलं. त्याचा उंबऱ्यावर टाकलेला पाय हळूच मागं गेला.

"बरं बरं. हितूनच दाव," तो म्हणाला. मघाशी 'तुम्ही' होते ते दादा आडनाव सांगेपर्यंतच.

दादांनी रेडिओ लावला. कुणीतरी बासरी वाजवत होतं. ह्या गृहस्थानं दारातूनच मान वाकडी करून ऐकलं आणि म्हणाला, "एवढाच व्हय आवाज? आमच्या देवळावरचा भोंगा पार कवठ्यापतूर जातो." अरे बाबा, घरात ऐकायचं असतं ते! पण दादा शांतपणे समजावत बसले, हा आवाज लांब जाण्यासाठी नसतो, जवळ बसून ऐकण्यासाठी असतो. जवळ बसणं तर त्याला जमणार नव्हतंच. मग त्यानं जीपच्या ड्रायव्हरला आत पाठवून पेट्या उचलून बघायला लावल्या. जड आहेत म्हटल्यावर पटलं. वजनावर माल घेणारा माणूस, त्याला बासरी काय आणि पेंड काय!

किंमत ठरली. ती ठरल्यावर दादांनी, कुणी मागितला नसताना, शब्द दिला. "माल चोख हाय आप्पा. काय वाकडं निघालं तर पैसे परत." आईनं आतून कपाळाला हात लावला, ते मी पाहिलं.

जोडून द्यायला दादा शिरूरला गेले, मीही हट्टानं बरोबर गेले. एसटी उतरून, पेट्या घेऊन तंगडतोड करत बंगल्यावर पोचलो. बंगला नवा, पिस्ता रंगाचा. दादांना वाटलं, आत बोलावतील. बोलावलं नाही. अंगणात, गोठ्याच्या अलीकडं एक बाज टाकली होती, तिच्यावर बसायला सांगितलं आणि पेट्या ओट्यावर ठेवून घेतल्या. उघड्या दारातून दिवाणखाना दिसत होता. काचेचं कपाट, त्यात कपबश्या, आणि खिळ्याला ते पंचांग. जावई आतबाहेर करत राहिला. दादा बाजेवरून सांगायचे, "लाल वायर लालला लावा," की तो आत जायचा, तिथून ओरडायचा, "लावली!" मग पुन्हा बाहेर. मुंबईला हापिसात साहेब होता म्हणे. दादांनी अर्ध्या मिनिटात केलं असतं ते काम त्या शहाण्यानं घामाघूम होऊन केलं, पण दादांना ओट्यावर चढू दिलं नाही. मला इतका संताप आला होता! दादा मात्र शेवटी उठताना म्हणाले, "आत कागदाचा पडदा असतो साहेब, ओल लागू देऊ नका." जावयानं मान डोलावली. सासरा तिकडं गाईच्या पाठीवर हात फिरवत उभा होता.

आठवडा झाला नसेल, तोच जीप पुन्हा आमच्या दारात. मी दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याला निघणार होते. ट्रंक भरून तयार होती आणि पैसे आईच्या डब्यात होते. बागायतदारानं ड्रायव्हरकडून पेट्या आमच्या ओट्यावर आणून टाकल्या. ठेवल्या नाहीत, टाकल्या.

"काय माल दिला रं हा? घरघर करतंय निस्तं. चार पावन्यांत लाज गेली माजी. जावई उपाशी उठला ताटावरनं!" आवाज एवढा चढवला की शेजारचे बाहेर आले. मग त्यांच्याकडं वळून म्हणाला, "ह्या लोकांकडनं घेऊच नाय म्हनलं होतं मला."

दादांचा चेहरा पडला. क्वार्टरच्या चाळीत त्यांच्या शब्दाला किंमत होती, आणि आता ती चारचौघांत काढली जात होती. त्यांनी पेटीवरचं कापड सोडवलं. आतला कागद फुगून वाकडातिकडा झाला होता, त्यावर पिवळे डाग होते. दुसऱ्या पेटीतही तेच. "पाणी पडलंय आप्पा," दादा म्हणाले.

"पानी न्हाई पडलं," तो म्हणाला. "शपत सांगतो."

आई पुढं झाली, वाकली, आणि वास घेतला. तिचं लहानपण गाईगुरांत गेलेलं. ती सरळ झाली. "पानी न्हाईच ते. गोमूत्र हाय."

मला वाटलं, आता तरी ह्याची मान खाली जाईल. छे! तो बिनदिक्कत म्हणाला, "मग? अधिकाचं वान हाय. जावयाला विष्णू म्हनून द्यायचं, ते असंच न्यायचं व्हय तुमच्या घरातनं? तांब्याभर घातलं, पाक शुद्ध करून घेतलं. गोमूत्रानं कवा काय बिघडलंय का?"

शेजाऱ्यांपैकी कुणीतरी फस्सकन हसलं. मला हसू आलं नाही. एवढा शेतीवाडीचा माणूस, सोसायटी चालवणारा, आणि अक्कल ही! विलायती यंत्र आमच्या हाताचं म्हणून त्यानं मुतानं न्हाऊ घातलं, आणि ते बिघडलं म्हणून भांडायला आला. असल्या माणसांना लोक वाकून नमस्कार करत होते.

पण दादा! दादा आत वळले आणि आईला म्हणाले, "डबा काढ. शब्द दिलाय मी."

मी ट्रंकेवर बसले. उद्याची गाडी, वसतिगृह, शाळा, सगळं त्या डब्यात होतं, आणि दादा तो त्या मूर्खाच्या हातात द्यायला निघाले होते. मला दादांचाही राग आला, त्या प्रामाणिकपणाचाही. मी आईकडं पाहिलं.

आईनं डबा काढला. दुसऱ्या हातात माठातलं पाणी भरून पेला घेतला, आणि दारात येऊन उभी राहिली.

"पैसे सगळे देते आप्पा," ती म्हणाली. "ह्यांनी शब्द दिलाय, मी मोडनार न्हाई. पन आमच्या हातचे पैसे न्यायचे तर आदी आमच्या हातचं पानी घ्या. का नोटांवरबी गोमूत्र घालनार? भिजतील की वो."

सगळी चाळ त्या पेल्याकडं बघत होती. बागायतदार एकदा डब्याकडं बघायचा, एकदा पेल्याकडं. पैसे थोडे नव्हते. त्याचा हात थोडा पुढं आला, अगदी खरंच आला. दादा मऊ आवाजात म्हणाले, "घ्या आप्पा, एक घोट." दादांना मनापासून वाटत होतं, त्यानं प्यावं.

आणि मी ट्रंकेवर बसून हात जोडले होते. मनातल्या मनात म्हणत होते, नको पिऊस. मान आमचा विटाळ. आजच्या दिवस मान, तुझ्या पाया पडते.

त्यानं मानला. हात मागं घेतला, पायातली वहाण उगाच झटकली आणि जीपमध्ये जाऊन बसला. पेट्या तिथंच राहिल्या, आणि पैसे डब्यातच.

मी पुण्याला गेले, शिकले, जन्मभर शिकवलं. त्या माणसानं माझ्या वडिलांना बाजेवर बसवलं, चाळीसमोर खोटं पाडलं, ते सगळं मी एक वेळ विसरेन. पण आमचा विटाळ मान म्हणून मला त्याच्यापुढं हात जोडायला लागले, हे मी त्याला मेल्यावरसुद्धा माफ केलेलं नाही.