व्याह्यांबरोबर एकवीस किलोमीटर

देवाने माणसाला पाय दिले ते रस्ता सोडून चालण्यासाठी, असा माझ्या व्याह्यांचा ठाम समज आहे. अख्ख्या जबलपुरात सरळ रस्त्याने जाऊन त्यांनी गाठलेलं एकही ठिकाण नसेल. कमानिया गेटला खव्याची जिलेबी आणायला निघाले तरी हे गृहस्थ गल्लीबोळांतून, दोन दुकानांच्या फटीतून, कुणाच्या तरी मागच्या अंगणातून जाणार. एकदा तर वाळत घातलेल्या पापडांच्या मधून चवड्यांवर चालत, 'राम राम भाभीजी' करत ते पार झाले. भाभीजींनीही हसून राम राम केला. मागून मी आलो, तर त्याच भाभीजींनी मला लाटणं दाखवलं. व्याह्यांबरोबर चालायचं तर हे असंच चालायचं. मान त्यांना आणि बोलणी आपल्याला.

व्याही म्हणजे माझ्या एकुलत्या लेकीचे, अनघाचे, सासरे. दोन्ही घरं पिढ्यान्‌पिढ्या इथलीच, पण मुलगी-जावई नोकरीपायी बंगळुरूला. व्याह्यांचा जन्म फॅक्टरीत माल तपासण्यात गेला. निवृत्तीनंतर तपासायला माल उरला नाही, तेव्हा ते जग तपासू लागले. खुर्ची हलवून पाहिल्याशिवाय बसायचे नाहीत, आणि देवळातला नारळसुद्धा कानाशी वाजवून मगच वाढवायचे. अनघाला बघायला आले तेव्हा आमचं पोह्यांचं टेबल डुगडुगत होतं. मुलगी पसंत पडते की नाही म्हणून आम्ही जीव मुठीत धरून बसलेलो, आणि हे टेबलाखाली शिरलेले! वर्तमानपत्राची घडी पायाखाली सारली, टेबल दाबून पाहिलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "हं, आता ठीक आहे. लग्न कधी करता?" विहीणबाईंनी कपाळाला हात लावला. लग्नात मी रीतीप्रमाणे शेला, टोपी, नारळ असं ताट घेऊन उभा राहिलो, तर म्हणाले, "हे काहून करून राहिले तुम्ही? राहू द्या. माझा मान मी मागीन कधी." मला वाटलं, सज्जन माणूस आहे, विनयाने बोलतोय. सज्जन ते आहेतच, पण विनयाशी त्यांचा काडीचा संबंध नाही हे मला फार उशिरा कळलं.

माझी बायको गेली आणि मी बसलो. तसा आयुष्यभर मी बसलेलाच होतो, सरकारी कचेरीत दुसरं काय करतात! पण हे बसणं वेगळं होतं. सकाळी चहा-बिस्किटं, दुपारी बिस्किटं-चहा. दार वाजलं तरी उठावंसं वाटेना. मग एक दिवस स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडलो. फार लागलं नाही, पण बातमी बंगळुरूला पोचली आणि अनघा धावत आली. "बाबा, बास झालं. घर विकून टाका आणि आमच्याकडे चला. तुम्ही एकटे राहू शकत नाही." लेक रडत होती, खोटं बोलत नव्हती. मी 'बरं' म्हणालो. म्हणालो खरं, पण आतून पार तुटलो. ज्या गावात जन्मलो, ज्या घरात संसार केला, ते सोडून पंधराव्या मजल्यावर बसून करायचं काय?

दुसऱ्या दिवशी व्याही आले. खुर्ची हलवून पाहिली, बसले आणि म्हणाले, "व्याहीबुवा, लग्नातला माझा मान राहिला आहे. तो मागायला आलो." मी चपापलो. मुलीच्या बापाने व्याह्याला नाही म्हणायचं नसतं. "शेला नको, नारळ नको. उद्यापासून सकाळी मदन महलच्या टेकडीवर माझ्यासंगं यायचं. हिवाळ्यात जंगलातली हाफ मॅरेथॉन आहे, ती आपण दोघं करून राहिलो." मी म्हणालो, "अहो, मला जिना चढवत नाही!" ते अनघाकडे वळले. "सूनबाई, तुझे बाबा एकवीस किलोमीटर जंगल पार करून वेळेत आले, तर ते इथंच राहतील. नाही आले, तर मी स्वतः त्यांना गाडीत बसवून देईन. चलो, मंजूर?" अनघाने माझ्याकडे पाहिलं, मग डोळे पुसत हसली. सासऱ्यांचा शब्द तिला मोडवेना. माझा होकार कुणी विचारलाच नाही.

त्यांची शिकवण्याची तऱ्हा जगावेगळी होती. टेकडीच्या पायथ्याशी ते फॅक्टरीतली एखादी हकीकत सुरू करायचे. मोठे साहेब तपासणीला आले, कोठाराचं दार उघडलं, आणि आत पाहतात तर... एवढं म्हणून हे त्या भल्याथोरल्या खडकांमधून पळत सुटायचे. आत काय होतं ते वरच्या सपाटीवर पोचल्यावरच कळायचं. मी शिव्या घालत, धापा टाकत वर पोचायचो, तर म्हणायचे, "काही नाही, मांजर व्यालेली होती." असा संताप यायचा! पण पुढच्या सकाळी पुन्हा पुढची गोष्ट ऐकायला मी जायचोच. सोबतचे तरुण पट्टे घड्याळात नाडी मोजायचे, कसल्या कसल्या पुड्या चोखायचे. आमचे व्याही गूळ-फुटाणे खात त्यांनाही हकीकती सांगायचे. दोन महिन्यांत मला भूक लागायला लागली. एका सकाळी तर मी कुकर लावून, वरण-भात करून ठेवून टेकडीवर गेलो. हे सांगितलं तेव्हा व्याही नुसते पाठीवर थोपटत राहिले.

ही दौड कुणा मोठ्या कंपनीची नव्हे. टेकडीवर सकाळी भेटणाऱ्या मंडळींनीच हौसेने सुरू केलेली. जबलपूरजवळच्या पाटनच्या बाजूला रानातून, नाल्यांतून, मटाराच्या शेतांच्या कडेने वाट जाते, आणि ती कळावी म्हणून आदल्या दिवशी झाडाझुडपांना फिती बांधतात. ते काम त्या वर्षी व्याह्यांनी मागून घेतलं. मंडळींनी पिवळ्या प्लास्टिकच्या फिती दिल्या होत्या. व्याह्यांनी एक ओढून पाहिली, ती तुटली. झालं! माल नापास. कमानिया गेटहून त्यांनी स्वतः लाल कापडी फिती आणल्या, वर सोनेरी किनार. "जंगलात दुरून चमकल्या पाहिजेत नं!" आदल्या दिवशी आम्ही दोघांनी त्या बांधल्या. एका गावाबाहेर देवीची छोटी मढिया, म्हणजे देवळी, आहे. तिच्या अलीकडे वाट डावीकडे वळते. ते वळण कुणी चुकू नये म्हणून तिथल्या बोरीच्या झुडपाला व्याह्यांनी खूप साऱ्या फिती बांधल्या, आणि दूर होऊन समाधानाने पाहिलं.

दौडीच्या सकाळी थंडी मी म्हणत होती. निघालो. अर्ध्याहून जास्त वाट बरी गेली. श्वास होता, पाय होते, व्याह्यांची बडबड होती. आणि मढियापाशी येऊन पाहतो तर काय, पुढे गेलेली सगळी दौड तिथेच! कुणी प्रसादाचा शिरा खातंय, कुणी कपाळाला टिळा लावून घेतंय. सगळ्यांत दमदार गडी तर पार डांबरी रस्त्यापर्यंत जाऊन, वाट सापडेना म्हणून परत आलेले. वळणावरच्या बोरीला एकही फीत नव्हती. सगळ्या फिती मढियाच्या पिंपळाला, नीट ओळीने बांधलेल्या.

गावातली एक म्हातारी पुढे आली. पहाटे देवीला पाणी घालायला आलेल्या बायकांनी रानभर लाल-सोनेरी फिती पाहिल्या, आणि कुणीतरी देवीला नवस बोललाय हे ओळखलं. देवीची वस्तू काट्यात कशी राहू द्यायची, म्हणून बोरीवरच्या फिती सोडवून त्यांनी भक्तिभावाने पिंपळाला बांधल्या. "भैया, किसकी मन्नत है?" तिने विचारलं. "बहुत बड़ी होगी, इतनी दूर से बाँधते आए!"

मी हसणारच होतो. पण व्याही हसले नाहीत. माझा दंड धरून त्यांनी मला पुढे केलं. "इनकी है, अम्मा."

"क्या माँगा है?"

"इनको जबलपुर नहीं छोड़ना है."

म्हातारीने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग अंगठ्याने माझ्या घामेजल्या कपाळावर कुंकू ओढलं. "तो मत छोड़ो," ती म्हणाली. इतकं सोपं करून मला कुणीच सांगितलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते घामात खपून गेलं हे बरंच झालं.

अडकलेल्या सगळ्यांना व्याह्यांनी ओरडून ओरडून डावीकडे वळवलं. आमच्या मागे अजून पुष्कळ मंडळी होती, फोटो काढत, रमतगमत येणारी. पिंपळावरच्या फिती सोडवायला व्याह्यांचं मन होईना. "देवीची वस्तू झाली आता." खिशात उरलेली एक फीत त्यांनी स्वतःच्या गळ्यात बांधली आणि बोरीपाशी उभे राहिले. "चूक माझी आहे, मी इथं उभा राहतो. तुम्ही जा."

"मी एकटा?" मी विचारलं.

"मग काय वरात पाहिजे?" ते खेकसले. "जा म्हणतो नं!"

मी गेलो. पुढचा नाला उतरताना मागे वळून पाहिलं, तर ते दोन्ही हातांनी हाकलत होते. पुढे कुणी नव्हतं, मागे कुणी नव्हतं. चढावर पोटऱ्या दगडासारख्या झाल्या, आणि मी मोठ्याने बायकोशी बोललो. तिला सांगितलं की तुझा नवरा बघ काय येडेपणा करून राहिला! मटाराच्या शेतात एका बाईने ओंजळभर शेंगा दिल्या. त्या खात, पडत, चालत, धावत मी पोचलो. ठरलेली वेळ केव्हाच टळून गेली होती. पण वाट चुकल्यामुळे सगळ्यांनाच उशीर झालेला, म्हणून मंडळींनी वेळ वाढवून दिली होती. माझ्या गळ्यात पदक पडलं ते निव्वळ व्याह्यांच्या चुकीमुळे. ते स्वतः फार उशिरा, शेवटच्या माणसाबरोबर आले. पदकाकडे त्यांनी पाहिलंही नाही. आधी अनघाला फोन लावला. "सूनबाई, उशीर झाला, तो माझ्यामुळे. पण तुझे बाबा जंगलातून एकटे आले. ऐकून राहिली नं? एकटे."

पलीकडून अनघाचा आवाज मलाही ऐकू आला, "राहू द्या त्यांना तिथंच."

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. मी माझ्या घरात आहे, आणि जबलपूर सोडून गेले ते व्याही. अनघाला मुलगी झाली, विहीणबाईंना जावंच लागलं, आणि विहीणबाईंशिवाय या माणसाला स्वतःचा मोजासुद्धा सापडत नाही. स्टेशनावर मी आभाराचं काहीतरी बोलायला गेलो, तर ते बर्थ हलवून बघत होते. गाडी सुटली तरी माझं वाक्य पुरं झालेलं नव्हतं. ते इथे पुरं करतो. व्याहीबुवा, तुम्ही मला माझं गाव परत दिलं.

आता रोज पहाटे त्यांचा फोन येतो. एकच प्रश्न असतो, "निघाले का?" मी अजून पांघरुणातच असतो, बाहेर काळोख असतो, आणि खरं सांगायचं तर एकट्याने जायचं जिवावर आलेलं असतं. पण तोंडातून निघून जातं, "हो, निघालो." आणि व्याह्यांशी खोटं कसं बोलायचं, म्हणून मग उठतो.