मुकी पट्टी

त्या वर्षी ईस्टरआधीच्या उपासकाळाचे चाळीसही दिवस मी देवावर रुसून बसले होते, हे आधीच कबूल करते. पापनिवेदनात ते सांगितलं आहे, पण अर्धंमुर्धं, स्वतःची बाजू राखून. इथे सगळं लिहिते.

गोंदियाच्या रेल्वे वस्तीतल्या आमच्या चर्चमध्ये लाकडी माळ्यावर गाणारी मंडळी बसायची. आम्ही पाच बायका, दोन पुरुष आणि पायपेटीवर मास्तर. मास्तर मूळचे गोव्याचे, नोकरीने पार्सल ऑफिसातले. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, लॅटिनमध्ये आणि लॅटिन आमच्यापैकी कुणाच्या बापालाही येत नव्हतं. मास्तरांनी ते आम्हा प्रत्येकीला वहीत देवनागरीत उतरवून दिलं होतं, बाजूला पेन्सिलीने अर्थ. पेटी जुनी होती आणि तिची मधली एक पट्टी मुकी होती. कलकत्त्याहून त्या पट्टीचा पितळी सूर मागवायचा आहे, असं मास्तर दर नाताळला म्हणायचे आणि नाताळ निघून जायचा. दयेच्या प्रार्थनेत चाल चढत चढत जिथे टेकते, नेमका तिथलाच तो सूर. पहिल्याच तालमीला मास्तर मला म्हणाले, "बाई, इथे पेटी गप होणार. इथे तुम्ही." अकरा वर्षं ती जागा मी भरली. बाकीचे माझ्यावरून सूर उचलायचे. घरात मला कुणी विचारत नसे, पण त्या एका जागी सगळं चर्च माझ्यासाठी थांबायचं, आणि खरं सांगते, मला त्याचा गर्व झाला होता.

मग जुने फादर गेले, नवे परदेशी फादर आले. चर्चचा नियम आता नीट पाळायचा, माळ्यावर फक्त पुरुष गातील, असं त्यांनी जाहीर केलं. त्याच महिन्यात मास्तरांचीही बदली झाली. शेवटच्या रविवारी आम्ही नेहमीसारखंच गायलो. मिस्सा संपल्यावर मास्तरांनी पेटी पुसली आणि झाकण लावलं. आम्ही मागच्या चिंचेखाली चहा-मुरमुरे खाल्ले. दर रविवारी तिथेच हसण्याचा कल्लोळ असायचा, त्या दिवशी मुरमुऱ्यांचाच आवाज येत होता. मास्तर म्हणाले, "वह्या ठेवा तुमच्याकडेच." मी ती वही घरी नेऊन पेटाऱ्याच्या तळाशी, लुगड्यांखाली टाकली. देवाला माझा आवाज नको असेल, तर मलाही त्याच्या दारात जायची गरज नाही, असं मी ठरवून टाकलं. रविवार आला की माझं डोकं दुखू लागे.

माझ्या सासूबाई कामठ्याकडच्या, डोळ्यांनी जवळजवळ आंधळ्या झालेल्या. त्यांना हे डोकेदुखीचं सोंग पहिल्याच रविवारी कळलं होतं, तरी त्या गप्प होत्या. ईस्टरच्या सकाळी मात्र काठी घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"चाल, मले घेऊन चाल."

"माझं डोकं दुखतं, आई."

"डोस्कं नाही दुखून राहिलं, नाक फुगून राहिलं तुवं. काऊन व? देवाच्या घरी तुले मालकीण केलं होतं का?"

मला झोंबलं. पण आंधळ्या म्हातारीला एकटं कसं सोडायचं? गेले. सगळ्यात मागे, खांबाच्या आडोशाला बसलो. आज ओठ उघडायचे नाहीत, असा पण करूनच मी बसले होते.

माळ्यावर नवी माणसं होती, आमच्यातले ते दोघेही आता नव्हते; पेटीवर लोको शेडमधला एक फिटर. दयेची प्रार्थना सुरू झाली. चाल चढू लागली तशी माझी छाती आपोआप भरून आली, आणि मी दात आवळले. पेटी मुकी झाली. उपासकाळभर पेटी बंद असते, त्यामुळे त्या बिचाऱ्यांना ती जागा ठाऊकच नव्हती. पेटी थांबली तसे तेही थांबले. चर्चभर शांतता पसरली. मला, देवा क्षमा कर, आत कुठेतरी बरं वाटलं.

तेवढ्यात माझ्या शेजारून एक चिरका, थरथरता आवाज निघाला. सासूबाई! त्यांनी तो सूर लावला होता. शब्द अर्धे चुकलेले, पण जागा बरोबर. ज्या बाईला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, ती लॅटिन गात होती. श्वास संपत आला तसं त्यांनी कोपराने मला ढोसलं, "मले पुढचं नाही येत. तू धर ना!"

मी धरलं. माझ्यामागून पलीकडच्या बाकावरच्या आमच्या चौघीजणी झोपेतून उठल्यासारख्या गाऊ लागल्या, मग माळा, मग सगळेच. मी रडत होते आणि गात होते.

मिस्सेनंतर फादर दारात उभे होते. ओरडा खायची तयारी ठेवूनच मी पुढे झाले. त्यांनी मोडक्या हिंदीत विचारलं, "इतने दिन क्यों नहीं गाया? ऊपर मना है. नीचे गाना किसने मना किया?"

कुणीच नाही. मी विचारलंच नव्हतं. नियम माळ्याचा होता, तो मी माझ्या तोंडाला लावून घेतला होता.

वाटेत सासूबाईंना विचारलं, तुम्ही हे शिकलात कधी? म्हणाल्या, "अकरा वरसं तू तांदूळ पाखडता पाखडता माझ्याजोळ गाऊन राहिली. मी का बहिरी हाओ?" घरात मला कुणी विचारत नाही, असं मी अकरा वर्षं म्हणत होते.

घरी आल्यावर मी पेटाऱ्यातून वही काढली. पुढच्या पावसाळ्यात सासूबाई गेल्या. दफनाच्या वेळी कबरस्तानात पेटी नव्हतीच, तिथे सगळाच भार आमच्या आवाजावर होता. मी सूर लावला, आणि तो माझा आहे असं मला क्षणभरही वाटलं नाही.

आता पेटीला नवा सूर बसला आहे. पट्टी छान बोलते. मी मागच्या बाकावर, त्याच खांबाजवळ बसते. ती जागा आली की सासूबाईंचं कोपर अजूनही बरगडीत रुततं. प्रभू, कलकत्त्याहून तो सूर तू इतकी वर्षं येऊ दिला नाहीस, तुझे उपकार.