गिरजामावशींचं अर्धं पान

गिरजामावशींना मी वाचायला शिकवलं नाही.

गेलं वर्षभर लोक मला त्याबद्दल शाबासकी देत आहेत. महिला मंडळानं शाल दिली. ती मी घेतली. फोटो याच प्रोफाइलवर आहे, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी लाईक केलाय.

आज मावशींना जाऊन वर्ष झालं. म्हणून जे घडलं ते लिहिते.

गिरजामावशी आमच्या हिंगणघाटच्या मोहल्ल्यातल्या. शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायच्या. आयुष्यात पहिल्यांदा शाळेची पायरी चढल्या त्या स्वयंपाकासाठीच.

आमच्या बुद्ध विहारात वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे, तीन महिने रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन असतं. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मी कॉलेजात शिकवते, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. मॅडमच्या तोंडूनच ऐकावं, असं बायका म्हणायच्या.

मला ते आवडायचं. खूप आवडायचं.

मावशी रोज पहिल्या रांगेत. अठ्ठावन्नाव्या वर्षी एक दिवस घरी आल्या.

"मॅडम, मले विहारात एक पान वाचाचं हाये. जित्तेपनी. मेल्यावर तं तुमीच वाचसान माह्यासाठी."

मी शिकवायला घेतलं. मग परीक्षेचे पेपर तपासायला आले आणि मी थांबवलं. दोनेक आठवडे तरी शिकवलं असेल, असं मी स्वतःशी धरून चालले होते.

काल डायरी काढून मोजलं. सात दिवस. त्यातल्या एका दिवशी त्या आल्या आणि मीच घरी नव्हते.

मावशी थांबल्या नाहीत. भांडी घासून झाली की पहिलीच्या वर्गात दाराजवळ जाऊन बसायच्या. पोरं चिडवायची. त्या म्हणायच्या, तुले खिचडी वाढनारी मीच हाये, ध्यानात ठेवजो.

जोडाक्षरांपाशी अडल्या. मग मोतीबिंदू. ऑपरेशन झालं, डोळ्याला ताण नको म्हणून वाचणं बंद. तोवर सोबतची पोरं दुसरीत गेली. मावशी पुन्हा पहिलीत, नव्या पोरांबरोबर, पुन्हा क-ख-ग पासून.

अशी तीन वर्षं.

चौथ्या वर्षावासात एका संध्याकाळी त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, आज एक पान माह्याकडं द्या.

दिलं.

पांढरी साडी, घडी मोडलेली त्या दिवसासाठीच. अक्षराखाली बोट. एक शब्द, थांबणं, मग पुढचा. अर्धं पान व्हायला वीस मिनिटं लागली. मागून कुणीतरी म्हणालं, "मावशी, सकाळ करता काय आता?"

लोक हसले. मावशीही हसल्या. बोट मात्र जागचं हललं नाही.

मी म्हणाले, "द्या मावशी, पुढचं मी वाचते."

त्यांनी बोट उचललं नाही.

मी पुस्तक ओढलं.

उरलेलं अर्धं पान मी दोन मिनिटांत वाचलं. छान वाचलं.

बाहेर चपला घालताना त्यांनी एवढंच विचारलं, "मी कोनत्या शब्दावर होतो, मॅडम?"

मी ते पाहिलंच नव्हतं. मी सरळ पुढच्या परिच्छेदापासून सुरू केलं होतं.

त्या दिवशीच्या डायरीत एकच ओळ आहे: वाचन वेळेत संपलं.

मी स्वतःला सांगत राहिले की त्यांची फजिती वाचवली. लोक कंटाळले होते, हे खरं आहे. पण माझ्या जागेवर दुसरं कुणी बसलं आणि ते अडखळत का होईना वाचतंय, हे मला बघवलं नाही, हेही खरं आहे. वर्षभर तोलून पाहतेय. दुसरं जास्त खरं निघतं.

त्यानंतर त्यांनी पान मागितलं नाही. मीही विचारलं नाही. त्या पहिल्या रांगेत बसून ऐकत राहिल्या. मला वाटलं, नाद सुटला. हलकं वाटलं, हेही लिहून टाकते.

गेल्या वर्षी मावशी गेल्या. पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्यांच्या श्रद्धांजलीच्या दिवशी, त्यांचे धाकटे भाऊ बोलायला उठले. ते समुद्रपूरकडच्या एका खेड्यात राहतात, तेच मावशींचं माहेर.

त्यांनी सांगितलं, ताई दरवर्षी वर्षावासाच्या शेवटच्या आठवड्यात एसटीनं आमच्या गावी यायची आणि तिथल्या विहारात वाचायची. पहिल्या वर्षी एक पान होईस्तोवर बाहेर अंधार पडला, पण कुणी जागचं उठलं नाही. यंदा शेवटचं प्रकरण तिनं एकटीनं वाचलं.

शेवटच्या आठवड्यात त्या माहेरी जातात, एवढंच आमच्या विहारात माहीत होतं; वाचनाचं कुणालाच नव्हतं.

मग ते माझ्याकडे वळले, हात जोडले. म्हणाले, मॅडमनं शिकवलं असं ताई सांगायची.

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी हात जोडले आणि गप्प राहिले.

शाल त्यानंतरची.

आज सकाळी मी भाऊंना फोन केला. सगळं सांगितलं. सात दिवस, ओढलेलं पुस्तक, शाल, सगळं.

ते म्हणाले,

"मालूम हाये मॅडम. तवाच सांगतलं होतं तिनं."

मी विचारलं, मग त्या दिवशी सगळ्यांसमोर तुम्ही माझं नाव का घेतलं?

"तिनंच सांगून ठेवलं होतं. म्हने, पुस्तक ओढलं ते तिथं कोनाले सांगू नोको. मॅडमले रोज त्याच लोकाइत बसा लागते."

मावशी, त्या लोकांना आज मीच सांगतेय. उशीर झाला.

शरमेनं मान खाली घालून, तुम्हाला जय भीम.