शिक्का आधी, वाचन मग

गुरुदत्त टिपणीस माणूस कसा होता म्हणून विचाराल, तर शिक्का आधी मारणारा आणि कागद मग वाचणारा. हसू नका. ठाण्यात दारू-गांजाच्या भानगडी निस्तरणारी एक सरकारी कचेरी होती, तिथे आवक-जावकाच्या टेबलावर तो अठरा वर्षं बसला होता. सकाळचं टपाल आलं की पाकिटं फोडायची, गठ्ठा ठोकून सरळ करायचा आणि मग शिक्का, क्रमांक, शिक्का, क्रमांक. गठ्ठा संपला की चहा. चहा संपला की कागद वाचायचे आणि वहीत विषय लिहायचा. त्याचं म्हणणं असं की आधी वाचलं की माणूस निवडानिवड करायला लागतो, हा कागद घेऊ, तो दडवू. क्रमांक पडला की कागद सरकारचा झाला, विषय संपला. अठरा वर्षांत त्या वहीत एक क्रमांक गाळलेला नाही की एक खाडाखोड नाही. याचा त्याला इतका अभिमान, की वासंती, त्याची बायको, वैतागून म्हणायची, "अहो, एकदा घरीच घेऊन या ती वही. ओवाळते तिला."

घर डोंबिवली पश्चिमेला, दोन खोल्या आणि एक गॅलरी. एकुलती एक मुलगी हेमा. सातव्या वर्षी तापात तिला पहिली फीट आली. ताप गेला, फीट काही गेली नाही. शहाऐंशी साली ती नऊ वर्षांची होती आणि आठवड्यातून तीन-चारदा कुठेही, कशीही कोसळत होती. शाळेने गोड शब्दांत कळवलं, की मुलीला घरीच ठेवा, बाकीची मुलं घाबरतात. घरी ठेवा म्हणजे काय, ते ठेवणाऱ्याला विचारा! मोरीत एकटी नाही, स्टोजवळ नाही, गॅलरीत तर नाहीच. वासंतीने बँकेतली नोकरी सोडली. दाराला आतून वरची कडी कायमची. डॉक्टरांच्या गोळ्या होत्या, नाही असं नाही. पण त्यांनी पोरीच्या हिरड्या सुजल्या आणि ती दिवसभर पेंगायला लागली. जागी असली की फीटची धास्ती, नाहीतर झोप. आणि आईबाप? ते तिच्याबरोबर आत कोंडलेले. लग्न नाही, मुंज नाही, कुणाकडे जाणं नाही. गुरुदत्तला कधीकधी कचेरी सुटूच नये असं वाटायचं, आणि असं वाटलं म्हणून स्वतःची शिसारीही यायची.

टिपणीस म्हणजे सीकेपी घर, मासळीशिवाय घास उतरायचा नाही. कोपरच्या खाडीवरची दगडाबाई दर बुधवारी आणि शुक्रवारी पाटी घेऊन दारात यायची. एका सुट्टीच्या बुधवारी ती कोळंबी मोजून देत होती आणि तिच्या डोळ्यांदेखत हेमा पडली. शेजारच्या कलावतीबाई हातात चप्पल घेऊन धावल्या, नाकाला लावायला. दगडाबाईने त्यांचा हातच धरला.

"अगो बाय, ती चप्पल बाजूला टाक! पोरीला श्वास घेव दे आधी."

तिने मासळीचे हात लुगड्याला पुसले, हेमाला कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःचा पदर दिला आणि शांतपणे बसून राहिली. पोर सावरली तेव्हा म्हणाली, "माजे भावाचे, दामाजीचे पोरीला, शेवंतीला, हाच आजार हाय. दामाजीनं परसात भांगेचा झाड लावलाय. पाना तुपात कढवतो आन् बोटभर चाटवतो. आता महिना महिना पडत नाय ती. तुला आनून देव काय?"

वासंतीचे डोळे चमकले. गुरुदत्तचे पांढरे झाले. नवा कायदा आदल्याच वर्षी आला होता आणि त्याचं परिपत्रक याच गृहस्थाने क्रमांक घालून घेतलं होतं. नुसत्या पानांपुरता कायदा जरा सैल होता, पण झाड लावलं की गुन्हा, तुरुंग. "नको," तो म्हणाला. "असलं काही या घरात नको."

तीन आठवडे तो 'नको'वर टिकला. मग एका दुपारी हेमाची फीट थांबेचना. अर्धा तास. रिक्षात वासंतीच्या मांडीवर पोर निळी पडत गेली. वाचली, पण चार दिवस तिला आईचं नाव आठवत नव्हतं. ठाण्याच्या मोठ्या डॉक्टरांना गुरुदत्तने चाचरत चाचरत भांगेचं विचारलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"परदेशात थोड्याशा रोग्यांवर कुणीतरी करून पाहिलंय, मी वाचलंय. त्या झाडात नशा आणणारं द्रव्य वेगळं, आणि कॅनाबिडिऑल म्हणून दुसरं असतं, त्याने नशा येत नाही. फीट कमी होतात असं त्यांना वाटतं. पण ते औषध बाजारात नाही, टिपणीस. आणि तुमच्या त्या झाडात कशाचं प्रमाण किती, मला काय ठाऊक? एखाद्या झाडाने फीट उलट वाढायच्या. मी लिहून देणार नाही. तुम्ही काही केलंत तर मला सांगा, आणि माझ्या गोळ्या एक दिवसही बंद करू नका."

दगडाबाईने पुढच्या बुधवारी हिरवट तुपाची बाटली कोळंबीखाली लपवून आणली. आणि काय सांगू! पहिल्या महिन्यात सहा फीट, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात एक. डॉक्टरांनी गोळीही थोडी उतरवली. पोरीच्या डोळ्यांत जाग आली. तिने जिलबी मागितली, भांडण केलं, आईला उलट उत्तर दिलं, आणि वासंती ते उलट उत्तर ऐकून रडली. चौथ्या महिन्यात हेमा जिना उतरून खाली लगोरी खेळायला गेली आणि गुरुदत्त गॅलरीत उभा राहून वेड्यासारखा हसत होता. इतका सुखी तो लग्नातही नव्हता.

त्याच सुखाच्या भरात तो सोमवार आला. टपाल भरपूर होतं. गडी मनातल्या मनात गाणं म्हणत शिक्के मारत सुटला. चहा झाला. वाचायला घेतलं, आणि क्रमांक अकराशे सत्तेचाळीसवर त्याचा हात थांबला. वहीच्या फाटक्या पानावर, सहीशिवाय, वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, की मौजे कोपर येथील दामाजी कोळी याच्या परसात गांजाची झाडे आहेत, साहेबांनी येऊन बघावे. जाळी वाळत घालायच्या जागेवरून भाऊबंदकी होती, हे दगडाबाई सांगायची. कुणीतरी तो सूड उगवला होता.

अरे, मग फाड ना! दुसरा कुठलाही कारकून असता तर कागद खिशात घालून अकराशे सत्तेचाळीसपुढे 'दिवाळी शुभेच्छापत्र' लिहून मोकळा झाला असता. कोण तपासणार होतं? पण याचा हातच वळेना. तो लालभडक शिक्का, त्याच्याच हातचा. कागद सरकारचा झाला होता. तासभर त्याने तो गठ्ठ्याखाली सारला, वर काढला, पुन्हा सारला. निनावी अर्जावर साहेब 'दप्तरी दाखल' लिहून तो बाजूला ठेवतील, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. विषय लिहिला आणि कागद आत पाठवला. साहेब नवे होते, तडफदार. त्यांनी शेरा मारला, "उद्या."

निदान सावध तरी करू, म्हणून तो संध्याकाळी डोंबिवलीला गाडीतून उतरून घरी न जाता थेट कोपर गावाकडे चालत गेला. वेशीवर सुकी मासळी आणि सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी, मांडून एक म्हातारा बसला होता, विश्राम नावाचा. त्याने मान वर करून म्हटलं, "तू कचेरीतला टिपनीस ना रं? दगडीकडं जातंस काय?"

झालं. गुरुदत्त मनात जुळवायला लागला. आज अर्ज आला, आज मला इथे पाहिलं, उद्या झाडं गायब झाली तर? नोकरी जाईल, आपणच आत जाऊ, हेमाला कोण बघेल? हेमाचं नाव त्याने स्वतःच्या भीतीपुढे धरलं. "छे छे," तो म्हणाला, "सोडे घ्यायला आलोय." पावशेर सोडे घेतले आणि परत फिरला. वासंतीने त्यांची खिचडी केली, छान झाली म्हणाली. त्याला घास गिळवेना.

मंगळवारी धाड पडली. चार झाडं मुळासकट आली, गोणपाटात बांधून, लाख लावून. त्यांची नोंदही गुरुदत्तनेच केली. दामाजीला कल्याणला कोर्टात उभं केलं आणि आत टाकलं. माझ्या पोरीसाठी लावलं, असं तो सांगत होता म्हणे. मुद्देमालाच्या खोलीची किल्ली गुरुदत्तच्या मागच्या खिळ्यावर असायची. ज्या पानांनी हेमा जिना उतरली ती पानं दहा पावलांवर सडत होती, आणि हा खुर्चीला चिकटून बसलेला. खिळ्याकडे बघायचा आणि मान खाली घालायचा.

घरची बाटली बारा दिवसांत संपली. तेराव्या दिवशी कडी पुन्हा वर चढली. वासंती रोज विचारायची, "अहो, दगडाबाई का येत नाही?" हा म्हणायचा, "आजारी असेल." आठवड्याला चार फीट, मग पाच. हेमा खालच्या मुलांचे आवाज आले की उशीत तोंड खुपसायची.

तीन आठवड्यांनी, रविवारी दुपारी, दगडाबाई आली. पाटी नव्हती. वासंती आतल्या खोलीत, नुकतीच पडून उठलेल्या हेमाला थोपटत होती. गुरुदत्त दार उघडून उंबऱ्यातच उभा राहिला.

"दामाजीचं काय?" त्याने विचारलं.

"जामीन नाय. शेवंती रोज पडते." तिने कमरेची बाटली काढली, अर्धी भरलेली. "माजेकडं मडक्यात थोडा राहिला व्हता. दोन भाग केलं. हा तुजे पोरीचा."

त्याने हात पुढे केला नाही. "दगडाबाई, मला तुला सांगायचंय..."

"मना ठाव हाय. त्या सांजेला तू वेशीपर्यंत आलतास. सोडं घेतलंस आन् गेलास. विश्रामनं सांगितला." ती मोठ्याने बोलत नव्हती. मोठ्याने बोलली असती तर बरं झालं असतं. "दोनशे पावलांवं माजा घर व्हता, दादा. एक शब्द टाकला असतास तर दामाजीनं झाडा उपटून खाडीत फेकली असती. आज घरात असता."

"मी घाबरलो गं," तो म्हणाला. एवढंच खरं होतं.

"पोरीचा काय गुन्हा? म्हनून आनली." तिने बाटली त्याच्या हातात कोंबली. "पुरवून वापर. ह्ये दारात मी आता यायची नाय."

जिन्यावरून ती उतरत गेली. गुरुदत्तला हाक मारायची होती, पाय धरायचे होते, साहेबांकडे जाऊन सगळं ओकून टाकायचं होतं. तो उंबऱ्यात बाटली धरून उभा राहिला. किती दिवस पुरेल याचा हिशेब मात्र डोक्यात सुरू झाला होता. वीस दिवस. फार तर बावीस.

वासंती बाहेर आली. बाटली पाहिली आणि तिचा चेहराच उजळला. तिने ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली.

"आली होती? देव पावला बाई! आत का नाही बोलावलंत तिला? चहा तरी दिला असता." ती धावत हेमाकडे निघाली आणि दाराशी वळली. "अहो, बुधवारी आली की लगेच विचारून ठेवा तिला, आता दोन-दोन बाटल्या देत जा म्हणावं. मध्ये खंड नको पडायला."

"विचारतो," गुरुदत्त म्हणाला.