उकंडा मिस्त्रीचे चार पिस्टन

बिघडलेली मोटर समोर आली की उकंडा मिस्त्री आधी एक वेळूची काठी मागवायचा. काठीचं एक टोक चालू इंजिनावर, दुसरं आपल्या कानाशी, डोळे मिटलेले. तेवढा वेळ कोणी बोललेलं त्याला खपत नसे. मग काठी बाजूला ठेवून तो फक्त कुठे दुखतंय ते सांगायचा. बुलढाण्यात त्या काळी मोटरी होत्याच किती, पण ज्या होत्या त्या सगळ्या त्याच्या दारातून जाऊन आलेल्या.

तो मूळचा देऊळघाटचा. खामगावच्या कापसाच्या जिनात लेथवर बारा-पंधरा वर्षं काढून त्यानं बुलढाण्याला स्वतःचं दुकान टाकलं होतं. मी शाळेत ड्रॉइंग शिकवायचो आणि दुकानाच्या मागच्याच घरात राहायचो. उकंडाला लिहिता-वाचता येत नसे, पण सुताचा फरक त्याच्या बोटाला कळे. कोणी काही ठाम बोललं की तो शांतपणे विचारी, "मोजलं काय?" बायको म्हणाली, आज भाजीत मीठ जास्त झालं, तरी हाच प्रश्न.

उंद्रीकडच्या बापूसाहेब देशमुखांनी विलायतेला परत चाललेल्या एका साहेबाची दोन सीटांची उघडी मोटर घेतली. सपाटीवर ती वाऱ्यासारखी पळे, पण राजूरच्या घाटात धापा टाके. कुठल्याशा इंग्रजी मासिकात बापूसाहेबांनी वाचलं, की शर्यतीच्या मोटरींत लोखंडाऐवजी अ‍ॅल्युमिनियमचे पिस्टन घालतात. पिस्टन हलके, म्हणून इंजिन मोकळं धावतं. मासिक घेऊन ते दुकानात आले. मी मजकूर वाचून दाखवला. मिस्त्रीनं दोन दिवस मागून घेतले आणि मग हो म्हटलं.

अ‍ॅल्युमिनियमला आमच्याकडे जर्मन म्हणतात. बापूसाहेबांनी घरची जर्मनची पातेली पाठवली, ती मिस्त्रीनं तशीच परत केली. स्वयंपाकाचं जर्मन मऊ, इंजिनात टिकणार नाही, असं त्याचं म्हणणं. अकोल्याला जाऊन त्यानं मोडक्या इंजिनांची ओतीव कवचं आणली, ती वितळवून साच्यात ओतली. जुना पिस्टन मोजून नव्याचं चित्र मी काढून दिलं. पुढे तीन आठवडे लेथ चालू होता. चारही पिस्टन त्यानं सोनाराच्या काट्यावर तोलले. एक गुंजभर जड निघाला, तर आतून खरडून बाकीच्यांच्या जोडीला आणला. मी आयुष्यात हातानं केलेलं इतकं देखणं काम फार थोडं पाहिलं.

बापूसाहेब गाडी न्यायला आले, तेव्हा मिस्त्रीनं माझ्याकडून एक चिठ्ठी लिहून घेतली. तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. "पयले पाचशे मैल पंचवीसच्या वर नेऊ नका. जर्मन तापलं तं लोखंडाच्या दुप्पट फुगते. त्याले आपली जागा करू द्या. घाट तं बिलकुल नाई." बापूसाहेबांनी माझ्यासमोर चिठ्ठी वाचली, हसले आणि कोटाच्या खिशात घातली.

चौथ्या दिवशी ते पुन्हा दारात उभे. डिप्टी कमिशनर मलकापूरहून येणार होते आणि बापूसाहेबांना त्यांच्या पुढे घाट चढून दाखवायचा होता. मिस्त्री नको म्हणाला.
"मंग तूच बस बाजूले," बापूसाहेब म्हणाले, "आन पाह्य तुह्यं काम."
मोटर आपण हळू चालवायला लावू, या आशेनं तो बसला.

घाटात काय झालं ते त्यानं मला दवाखान्यात सांगितलं. तीनदा त्यानं वेग कमी करायला सांगितलं होतं. वळणावर पिस्टन फुगून अडकले, इंजिन जागच्या जागी थांबलं आणि मागची चाकं घसरून मोटर दगडी कठड्यावर घासत गेली. बापूसाहेबांना खरचटलं. मिस्त्रीचा दारावर ठेवलेला हात मोटर आणि दगड यांच्या मध्ये सापडला. डावखुऱ्या माणसाचा डावा हात. तो मनगटावरून काढावा लागला.

फौजदार चौकशीला शाळेत आले, तेव्हा हेडमास्तरांच्या खोलीत बापूसाहेबही बसले होते. ते शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष. फौजदारांनी विचारलं, मिस्त्री म्हणतो तशी काही चिठ्ठी तुम्ही लिहिली होती का? बापूसाहेब खिडकीबाहेर पाहत होते. मी म्हणालो, मला आठवत नाही.

मिस्त्रीच्या सदोष मालामुळे अपघात झाला, असा कागद झाला. दुकान बंद पडलं. माझी नोकरी राहिली.

वर्षभरानं मी देऊळघाटला गेलो. तो सासऱ्याच्या वांग्याच्या वाफ्यांना पाणी देत होता, एका हातानं फावडं ओढत. त्यानं मला खाटेवर बसवलं, चहा करायला सांगितला. बराच वेळ पिकाचंच बोलला. शेवटी मीच विषय काढला. तो फावड्याला लागलेली माती काढत राहिला.

"मास्तर, हात मोटरनं नेला, त्याले इलाज नाई," तो म्हणाला. "पन माह्या कामात खोट होती, असं कागदावर राह्यलं. ते तुमच्यानं राह्यलं. काऊन केलं तसं?"

उद्याच फौजदारांकडे जाऊन खरं सांगतो, असं मी म्हणालो.
"उद्या जासान?" त्यानं विचारलं.
"उद्याच," मी म्हणालो.

त्या उन्हाळ्यात तो तापानं वारला. तोवर चार महिने गेले होते आणि मी कचेरीची पायरी चढलो नव्हतो. फौजदारांची बदली झाली, म्हणून राहून गेलं, असं मी बायकोला सांगितलं. पुढे कितीतरी लोकांना तेच सांगत आलो. बदली खरोखरच झाली होती. पण ती मिस्त्रीच्या तेराव्यानंतर.