रात्रीच्या बाजारासाठी दिवसा बंद

आमचं गाव जळगाव आणि धुळ्याच्या मध्ये, हमरस्त्यावर होतं. रस्ता चौपदरी झाला तेव्हा तो गावाबाहेरून गेला. गाव होतं तिथंच राहिलं. रस्त्यामागोमाग कापडाची मोठी दुकानं गेली, हॉटेलं गेली, बँकही गेली. जुन्या पेठेत राहिले ते जाणं न जमलेले लोक. त्यांत माझी थोरली बहीण, अक्का.

भावजींच्या माघारी त्यांचं कापडाचं दुकान तिनंच चालवलं. मी नोकरीमुळे जळगावला, पिंप्राळ्यात राहायचो आणि सुटीला तिच्याकडे जायचो. दुकानात गेलो की गादीवर बसायचं, चहा प्यायचा आणि रस्त्यानं कोण जात नाही ते बघायचं. पुण्याचा भाचा प्रत्येक फोनवर एकच विचारी, "आई, जागा कधी देतेस?" एका मोबाइलवाल्याला ती भाड्यानं हवी होती. अक्कानं लग्नसराई संपेपर्यंत मुदत मागून घेतली होती. "जुनी घरं बस्त्याला आली तर दुकान ठेवीन. नाही आली तर तू म्हणशील तसं," ती म्हणाली होती. भाच्यानं लगेच कबूल केलं. त्याला निकाल माहीत असावा.

आमच्याकडे बस्त्याचा दिवस दुकानदाराला कळवत नाहीत. "येतो आम्ही," एवढाच निरोप येतो. मग दोन्हीकडची मानाची माणसं, मोकळी गाडी आणि शेतातून सुटलेल्या बायका ज्या दिवशी जुळतील त्या दिवशी सकाळी गाडी दुकानापुढे उभी राहते. नवरीच्या शालूपासून मानपानाच्या टोप्यांपर्यंत सगळं कापड एकाच बैठकीत घेतलं जातं. दुकानदारानं उघडं ठेवून वाट पाहायची.

जवळच्या खेड्यातल्या एका केळीवाल्या घराचा असा निरोप अक्काला आला होता. त्या घरच्या आजीचा स्वतःचा शालू भावजींच्या वडिलांनी दाखवलेला. आता नातवाचं ठरलं होतं. अक्कानं नवा माल भरला आणि गादीची खोळ दोनदा धुतली.

नेमकी त्याच वेळी व्यापाऱ्यांच्या अध्यक्षांना पेठ वाचवण्याची इच्छा झाली. ते इंदूरला जाऊन आले होते. तिथं लोक रात्री उशिरापर्यंत बाजारात फिरतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि डोळ्यांनी पाहिलेलं इथं आणता येतं अशी त्यांची समजूत होती. एका शनिवारी पेठ मध्यरात्रीपर्यंत उघडी राहणार असं ठरलं. 'शॉपिंग नाइट' असं नाव पडलं. फलकावर इतके हसरे चेहरे छापले की काय विकायचं आहे ते लिहायला जागा उरली नाही.

बैठकीला अक्काबरोबर मीही गेलो होतो. अध्यक्ष म्हणाले, "त्या दिवशी दिवसभर पेठ कडकडीत बंद. संध्याकाळी पाहुणे फीत कापतील आणि सगळी शटरं एकदम वर! लोक बघत राहतील."

"बघतच राहतील," अक्का अध्यक्षांना म्हणाली. "भाऊ, माझं गिऱ्हाईक खेड्याचं. सकाळी येतं आणि दिवस मावळायच्या आत घरी जातं. दिवसा बंद ठेवून मी रात्री कोणाला विकू?"

"अक्का, जमाना बदलला."

"तो बदलला म्हणून तर आपण इथं बसलोय ना?"

लोक हसले. मागून कोणी म्हणालं, "एका दिवसानं काय होतंय, अक्का? एकी पाहिजे." एकीचं नाव निघाल्यावर आमच्या गावात कोणी पुढं बोलत नाही.

शनिवारी पेठ खरोखरच कडकडीत बंद राहिली. अध्यक्षांचं एवढं एकच म्हणणं तंतोतंत खरं झालं. अक्का दिवसभर घरी चुळबुळत होती. "जाऊन बघून येऊ का?" तिनं दुपारी विचारलं. मी म्हणालो, "बंद दुकानात काय बघणार?"

संध्याकाळी दिव्यांच्या माळा लागल्या. व्यासपीठ नेमकं अक्काच्या दुकानासमोर आलं आणि तिच्या पायरीवर आवाजाची दोन खोकी. पाहुणे येईपर्यंत काही विकायचं नाही असा नियम होता, आणि पाहुणे थोर असल्यानं पुष्कळ उशिरा आले. मग भाषणं. पेठेच्या गतवैभवाबद्दल ते इतकं बोलले की त्या वैभवातली उरलेली दुकानं त्यांच्या पाठीमागे ताटकळत राहिली.

गर्दी मात्र झाली, हे मान्य केलं पाहिजे. लोकांनी पावभाजी खाल्ली, कुल्फी खाल्ली, फोटो काढले, गाणी ऐकली. अक्काच्या दुकानात बायका चढल्या त्या उंचावरून व्यासपीठ नीट दिसावं म्हणून. एकीनं विचारलं, "मावशी, फोन चार्जिंगला लावू का?" अक्कानं लावू दिला. मुलानं सांडलेली कुल्फी पुसायला एकीनं टॉवेल घेतला. तेवढीच विक्री.

दुसऱ्या दिवशी बातमीत पेठेला नवसंजीवनी मिळाली होती.

अक्का वाट बघत राहिली. मी जळगावला परतलो. पुढच्या सुटीला गेलो तेव्हा केळीवाल्या घरची आजीच पत्रिका घेऊन दुकानात आली. पत्रिका आहे म्हणजे बस्ता झालेला आहे, हे अक्काला तिच्या चपला पायरीवर निघतानाच कळलं असणार. तरी तिनं चहा मागवला.

आजी टेकली आणि म्हणाली, "आक्का, राग मानू नको. आम्ही उनूत ना शनवारले, सकायलेच. बठ्ठा बजार बंद. आम्हले वाटनं, बजारमा कोनी मोठं मानूस मरी गे."

"नाही हो, रात्री बाजार होता. म्हणून दिवसा बंद."

"रातले?" आजी तिच्याकडे बघतच राहिली. "रातले कोन बस्ता बांधस?"

दुखवट्याच्या पेठेत थांबून चौकशी करणं बरं नव्हे, म्हणून त्या सकाळी आल्या पावली त्यांनी गाडी वळवली होती. गाडीत दोन्हीकडच्या बायका. मुलीकडच्यांना पुन्हा एक दिवस मागणं शोभलं नसतं. त्यामुळे चौपदरी रस्त्यावरच्या मोठ्या दुकानात बस्ता झाला. हे सांगताना आजीचा आवाज खाली गेला. मग तिनं पिशवीतून अक्काच्या मानाची साडी काढली. पिशवी त्याच दुकानाची होती.

अक्कानं पदराचं टोक अंगठा आणि बोटात धरून चोळलं, गिऱ्हाइकासाठी चोळायची तसं. "चांगला माल दिलाय त्यांनी," ती म्हणाली. आजीनं पत्रिका तिच्या हाती दिली. ती पायऱ्या उतरेपर्यंत अक्का दारात उभी होती.

मग ती आत आली आणि तिनं भाच्याला फोन लावला. "त्या मोबाइलवाल्याला ये म्हणावं," एवढंच बोलली.

साडी अजून तिच्या हातात होती. तिनं ती घडीवर घडी घालून नीट केली आणि हाताच्या सवयीनं मांडणीवर, बाकीच्या साड्यांत ठेवून दिली.